चोचपत्ते : एका प्रकल्पाच्या नोंदी

12 ऑक्टोबर 2024, शनिवार (दसरा)

अवजारांची पूजा सकाळीच उरकली. पाटावर कोयता, कुदळ, आजोबांची पटाशी, दोन दाभणं, आईचा अडकित्ता, माझी कात्री आणि भाच्याने हट्टाने मांडलेला त्याचा लॅपटॉप. आई एकेकाला हळदकुंकू लावत अडकित्त्यापाशी आली, तसा भाचा म्हणाला, "मावशी, हो पळय कीर." कीर म्हणजे पोपट. घरात कोकणी आणि लिहायला बसलं की मराठी, असा आमचा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला संसार आहे. अडकित्त्याचं वरचं पातं खरंच पोपटाच्या चोचीसारखं वळलेलं आहे. मग पूजा राहिली बाजूला आणि आम्ही पाटावरच्या एकेका वस्तूला पक्षी शोधत बसलो. पटाशीला सुतार, कुदळीला शराटी, दाभणाला शिंजीर. कोयत्याला मात्र कोणी मिळेना. आई म्हणाली, "आधी नमस्कार करा, मग पाखरं."

वाचनालयात दर शनिवारी पाचवी ते आठवीची मुलं येतात. त्यांच्यासाठी गेल्या वर्षी भिंतीवर पक्ष्यांचा रंगीत तक्ता लावला होता. मुलांनी नावं पाठ केली आणि मोकळी झाली. बाहेर आंब्यावर खराखुरा पक्षी बसला की "टिचर, काळो" याच्या पुढे गाडी जात नाही. (मी टिचर नाही, ग्रंथपाल आहे. पण इथे बाईमाणूस पुस्तक हातात घेऊन उभं राहिलं की टिचरच.)

तर ठरलं. छत्तीस पत्ते करायचे. पुढच्या बाजूला फक्त चोच, कडेने बघितल्यासारखी, काळ्या रेघेत. मागे पक्षी आणि नाव. चित्रं भाचा काढणार, मजकूर माझा.

19 ऑक्टोबर

यादी करायला बसले आणि पहिल्याच पानावर अडखळले. मराठीत पक्ष्यांची अख्खी बलुतेदारी आहे: सुतार, तांबट, शिंपी, खाटीक, धोबी, वर पहाऱ्याला कोतवाल. मला वाटलं होतं निम्मं काम नावांनीच करून ठेवलंय. एकेक तपासत गेले तसं लक्षात आलं की नाव ठेवणाऱ्याची नजर दर वेळी चोचीवर नव्हती.

सुताराचं नाव चोख. टोक पटाशीसारखं सपाट धारेचं, चोच सरळ आणि खोडात घुसेल इतकी मजबूत. शिंपीही बरोबर, त्याची चोच सुईच. पानाच्या कडांना भोकं पाडून कोळ्याच्या जाळ्याचे आणि कापसाचे धागे त्यातून ओढून घेतो. खाटकाचं नाव कामावरून पडलंय, टोळ-सरडे काट्याला टोचून ठेवतो म्हणून. पण चोच बघितली तर तिथेही हत्यार आहेच: टोकाला खाली वळलेला आकडा आणि त्याच्या मागे एक बारीक दात. हा तसा गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातला, घारी-ससाण्यांशी नातं नाही, तरी चोच त्यांच्या वळणावर गेलेली.

तांबट मात्र फसवतो. तो तांबं ठोकत नाही, फक्त तसा आवाज काढतो, टुक टुक टुक टुक. धोब्याचं नाव पाण्याकाठी शेपटी आपटत फिरण्यावरून. कोतवालाचं, स्वतःपेक्षा मोठ्या कावळ्या-घारींच्या मागे लागून त्यांना पिटाळण्यावरून. या तिघांच्या नावावरून चोच सांगायला गेलं की मुलं हमखास चुकणार.

भाच्याला चमचा काढायचा आहे, दर्वीमुख, कारण काढायला मजा येते. पण आमच्या मुलांना तो घराजवळ दिसायचा नाही. यादीतून वगळला. रुसलाय.

27 ऑक्टोबर, रविवार

कुळागरात सकाळी दोन तास. सुपारीखाली ओल अजून टिकून आहे, जळवा नाहीत एवढंच समाधान.

सोनपाठी सुतार एका वाळक्या आंब्यावर. डोकं मागे खेचून दणका, मग थांबून कान लावल्यासारखं, मग साल उचकटून जीभ आत. जिभेची हाडं कवटीच्या मागून वर फिरून पुढे आलेली असतात, म्हणून ती एवढी लांब बाहेर येते. हे पत्त्यावर कसं दाखवायचं? सोडून दिलं. पत्ता चोचीचा आहे.

दोन झाडं सोडून कुर्टुक. एका सडक्या फांदीत भोक पाडत होता. म्हणजे हाही सुतारकामच करतो, आणि चोच बघावी तर पटाशी कुठेच नाही: आखूड, बुडाशी जाड, मुळाशी मिशीसारखे राठ केस. तांबटही असंच करतो, सडलेलं मऊ लाकूड निवडतो. आजोबा सांगायचे, चांगला सुतार हत्यार धारेवर आणि लाकूड नजरेवर घेतो. तांबट-कुर्टुकांनी दुसरी बाजू धरलीय.

वहीत लिहून ठेवलं: काम एक, चोची दोन.

निघताना वरून तो भेसूर हसण्याचा आवाज. मलबारी राखी धनेश, तिघे, जायफळाच्या पलीकडच्या वडावर. धनेश म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे चोचीवरचं शिंग येतं, आणि पश्चिम घाटाबाहेर कुठेच न सापडणारा हा धनेश नेमका बिनशिंगाचा. चोच लांब, खाली वळलेली, वरच्या कडेला नुसती धार. नराची तांबूस, टोकाला पिवळी. आमच्याकडचा कवड्या धनेश, काळा-पांढरा, त्याचं शिंग मात्र डोळ्यांत भरतं, वर काळा डाग. दोघांना दोन पत्ते द्यायचे ठरवलं. छत्तीस आता कमी पडणार.

31 ऑक्टोबर

नरकचतुर्दशी. रात्रभर नरकासुरांचे ढोल आणि स्पीकर. पहाटे एकही पक्षी नाही, कावळासुद्धा नाही. झोपले.

12 नोव्हेंबर, मंगळवार

सालिम अलींचा जन्मदिवस (1896). शाळा सुटल्यावर मुलांना मुद्दाम बोलावलं, कच्चे पत्ते हातात दिले आणि एक खेळ लावला. दोघं पाठीला पाठ लावून बसायची. एकाने पत्ता बघून चोच सांगायची, दुसऱ्याने न बघता काढायची. नाव घ्यायचं नाही, रंग सांगायचा नाही.

जे झालं ते असं. एकीच्या हातात बगळ्याची चोच होती. तिने सांगितलं, "लांब आणि टोकेरी." पाठीमागच्या मुलाने नारळ सोलायचा सुळा काढला. दुसऱ्या जोडीत "वाकडी" या शब्दावर भांडण. एकाला वाकडी म्हणजे खाली वळलेली, दुसऱ्याला वाकडी म्हणजे तिरकी, बिघडलेली. मुनियेची चोच सांगताना सातवीतला एक मुलगा म्हणाला, "समोशासारखी." ऐकून हसलो सगळे, पण कागदावर उतरलेलं चित्र त्याच जोडीचं सगळ्यात जवळचं निघालं. तीन बाजू, बुडाशी रुंद, टोक लगेच. भाताचं टरफल सोलणाऱ्या पक्ष्याला हवी तशीच.

मग अवजारं काढली. टेबलावर सांडशी, पकड, दाभण, चिमटा, अडकित्ता मांडला आणि म्हटलं, आता यातलं एक बोट लावून दाखवा. चूक तिथेच झाली. अवजार हातात आल्याबरोबर मुलं आकार विसरली आणि काम सांगायला लागली. "बगळो भाल्यान मासळी तोपता." मी विचारलं, कोणी बघितलंय? कोणीच नाही. बगळा बहुतेक वेळा माशाला भोसकत नाही, चोचीच्या दोन पात्यांत पकडतो. म्हणजे भाला नव्हे, लांब चिमटा. पण भाल्याचं चित्र इतकं ठसठशीत की ते मनातून निघता निघेना.

शेवटी पेज पिऊन सगळी घरी गेली. मी टेबल आवरत बसले. अवजाराची उपमा टाकायची नाही, पण ती शेवटी द्यायची. आधी माप.

13 नोव्हेंबर

रात्री सुचलेलं सकाळी वाचलं तरी बरं वाटलं, म्हणून उतरवते. प्रत्येक चोचीला पाच प्रश्न. लांबी किती? बुडाशी जाडी किती? वाक आहे का आणि नेमका कुठून सुरू होतो? टोक कसलं, सुईचं, आकड्याचं, बोथट की चपटं? आणि मिटल्यावर फट राहते का? त्याखाली वेगळ्या चौकटीत: काम. तिथे कंसात "अंदाज" असं छापायचं, म्हणजे कोणी छातीठोकपणे काही सांगणार नाही. मीसुद्धा.

पहिल्याच प्रश्नाला गोम आहे. लांबी कशात मोजायची? झाडावरच्या पक्ष्याला कोणी पट्टी लावायला जात नाही.

24 नोव्हेंबर, रविवार. चोडण

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाची गर्दी, त्या बाजूने जाण्यात अर्थ नव्हता. मयेमार्गे चोडणला गेलो. सहा मुलं, भाचा, मी आणि गाडीवाले काका. सालिम अली अभयारण्य, मांडवीतल्या बेटाच्या टोकाला, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, बहुतेक सगळं खारफुटीचं. भांगाची, म्हणजे कमी ओसरणारी ओहोटी होती, उधाणाची असती तर चिखल आणखी उघडा पडला असता. तरी निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारत होत्या आणि पक्षी होते.

आज लांबीचा प्रश्न सुटला, आणि तो काकांनी सोडवला. काका पक्ष्यांचे कोणी नाहीत. छोटा कोरल समोरच चिखलात उभा होता, दुर्बीण फिरत फिरत त्यांच्याकडे गेली. बघून म्हणाले, "बाये, ही चोच मागे दुमडली तर पाठीर पावतली."

तेच माप! चोच मुळाशी बिजागरी लावल्यासारखी मागे दुमडायची आणि टोक कुठे पोचतं ते सांगायचं. डोळ्यापर्यंत, डोक्याच्या मागच्या कडेपर्यंत, की डोकं ओलांडून मानेवर. चिमणीची डोळ्यापाशीच थांबते. तुतवाराची डोक्याच्या कडेपर्यंत येते. कोरलची डोकं केव्हाच मागे टाकते. पक्षी लांब असो की जवळ, मोठा असो की छोटा, माप त्याच्याच अंगावर असतं.

मुलांनी लगेच एकमेकांची नाकं दुमडायला सुरुवात केली. ते ओघाने आलंच.

छोटा कोरल आणि मोठा कोरल दोघांची चोच खाली वळलेली. मोठा आम्हाला आज दिसला नाही, पण त्याच्या फोटोशी ताडून पाहिलं. छोट्याची चोच बरीचशी सरळ जाते आणि टोकाकडे एकदम वळते. मोठ्याची मुळापासूनच एकसारखी कमान धरते, आणि लांबीलाही जास्त. त्यातही मादीची नरापेक्षा लांब. वाक कुठून सुरू होतो हा प्रश्न घातला ते बरं केलं. या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो. चिखलात न दिसणारा किडा ते टोकाने चाचपतात आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून टोकच तेवढं उघडून पकडतात. मुलांना हे ऐकून बगळ्यापेक्षा कोरल आवडला. मलाही.

परतताना बांधावर मानशीजवळ, म्हणजे पाणी अडवायच्या दारापाशी, समुद्री बगळा. राखाडी अंगाचा. लहान बगळ्याची चोच काळी आणि बारीक, याची जरा जाड, पिवळट-तपकिरी. रंग लिहायचा की नाही यावर गाडीत वाद झाला. पुढे बघू.

2 डिसेंबर, सोमवार

छपाई आली. चार संच, एकशे चव्वेचाळीस पत्ते, लॅमिनेशनसकट. वास छान. पण भाच्याचा चेहरा पडला. छोट्या पक्ष्यांच्या चोची आम्ही प्रत्यक्ष आकारात काढल्या होत्या आणि खाली पाच सेंटिमीटरची रेघ दिली होती. त्या रेघेवर पट्टी ठेवली तर चार पूर्णांक सात. छापताना यंत्रावर "पानात बसवा" हा पर्याय कोणीतरी चालू ठेवला आणि सगळं चौऱ्याण्णव टक्क्यांवर उतरलं. छापखाना म्हणतो फाइलच तशी होती. फाइल तशी नव्हती. पण पैसे दिलेले आहेत आणि दुसऱ्यांदा छापायला वाचनालयाकडे नाहीत.

रात्री आईने विचारलं, "आता काय?" म्हटलं, पाच सेंटिमीटरवर पट्टी चिकटवायची. आई म्हणाली, "मगे डोकें केदें जालां?" डोकंही तेवढंच लहान झालंय. आम्ही एकमेकांकडे बघितलं. चोडणचं माप सेंटिमीटरमध्ये नव्हतंच. चोच आणि डोकं दोन्ही एकाच प्रमाणात आखडले, मग दुमडलेल्या चोचीचं टोक पूर्वी जिथे पोचायचं तिथेच पोचणार. फक्त एक अडचण: पुढच्या बाजूला आम्ही नुसती चोच काढली होती, डोकं नव्हतं. भाचा आता एकशे चव्वेचाळीस पत्त्यांवर कायमच्या शाईच्या पेनने हाताने डोक्याची गोलाई काढतोय. कटकट करतोय, पण काढतोय.

8 डिसेंबर, रविवार

आज फक्त शिंजीर. दाराजवळच्या जास्वंदीवर दोन नर येतात, दोघेही सावलीत काळे आणि उन्हात निळे-जांभळे चमकणारे. इतकी वर्षं मी दोघांना एकच समजत होते, याची नोंद खाली मान घालून करते. भाच्याने काढलेले फोटो पडद्यावर मोठे केले. आठवीतली एक मुलगी आली होती, तिने वहीच्या कागदाची बारीक पट्टी फाडली, एकाच्या चोचीवर धरली, नखाने खूण केली आणि तीच पट्टी सरकवून डोक्यावर ठेवली. जवळपास बरोबर. चोच जेवढी, डोकं तेवढं. मग दुसरा फोटो. तिथे पट्टी डोक्याच्या मागून बाहेर आली, दिसेल इतकी. आणि वाकही जास्त खोल.

दुसरा लांब चोचीचा शिंजीर, ज्याला लोटनचा सूर्यपक्षी म्हणतात. पोटाकडे तपकिरी झाक, ती नंतर दिसली. आधी चोच दिसली.

पट्टीच्या पद्धतीत एक खोड आहे. फोटो बरोबर कडेने हवा. पक्ष्याने मान जरा आपल्याकडे वळवली की चोच आखूड दिसते. पहिल्या फोटोत तसंच झालं असेल अशी शंका आली म्हणून आणखी चार फोटो मोजले. निकाल तोच.

लांब चोच म्हणजे लांब नळीच्या फुलासाठी, असं पत्त्याच्या मागे मी लिहिलं होतं. तेवढ्यात आखूड चोचीवाला जास्वंदीच्या मागच्या बाजूला गेला आणि देठाजवळ भोक पाडून मध पिऊन निघून गेला. फुलात तोंड घातलंच नाही. ती ओळ खोडली. "(अंदाज)" या शब्दाला आता मीच नमस्कार करते.

17 डिसेंबर

संध्याकाळी साडेचारला धप्प आवाज. वाचनालयाच्या नव्या काचेवर लहान खंड्या आपटून खाली पडलेला. जिवंत, पण डोळे अर्धे मिटलेले. पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड घालून ठेवला, झाकण लावलं, भोकं होतीच. अंधारात अर्धा तास, पाणी नाही, हात लावणं नाही. मुलांना गप्प बसवणं हे त्यातलं सगळ्यात कठीण.

उचलून ठेवायला लागलेल्या त्या काही क्षणांत मी ती चोच हातभर अंतरावरून बघितली. सरळ, सुरीसारखी, अंगाच्या मानाने केवढी तरी मोठी. वरचं पातं काळं, शिसपेन्सिलीच्या टोकासारखं चकाकणारं. खालचं पातं नारिंगी, मुळाशी गडद आणि टोकाकडे काळवंडत गेलेलं. दोन पाती मिटतात ती रेघ इतकी सरळ की भाच्याने मुळीच पट्टी न लावता काढावी. कडेला एक बारीक खरचटा, आपटल्याचा. चोच आतून हाडाची, बाहेरून नखाच्या जातीच्या द्रव्याची, केराटिनची. नखासारखीच वाढत राहते, म्हणून तो खरचटा झिजून जाईल. आजोबांच्या पटाशीला दर पावसाळ्यानंतर सहाणेवर धरावी लागायची.

खालचं पातं नारिंगी म्हणजे मादी. नराची दोन्ही पाती काळी. सहावीतला एक हळूच म्हणाला, "टिचर, लिपस्टिक लायल्या." लक्षात ठेवायला याहून बरं काही नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी झाकण उघडलं. दोन सेकंद बसली, मग ओहोळाच्या दिशेने सरळ निळी रेघ.

काचेवर उद्या कागदाच्या पट्ट्या, बाहेरून, जवळजवळ. हे आधी करायला हवं होतं.

12 जानेवारी 2025, रविवार. करमळी

गर्दी संपली म्हणून जुन्या गोव्याकडून करमळीच्या तळ्यावर. धुकं नऊपर्यंत उठलं नाही.

पाचवा प्रश्न, मिटल्यावर फट राहते का, हा मी फक्त एका पक्ष्यासाठी घातला होता, आणि तो आज भेटला. मुग्धबलाक. काठावरच्या चिखलात पाच-सहा उभे. चोच मिटलेली तरी मधोमध फट, आरपार पलीकडचं गवत दिसतं. मुलांना आधी वाटलं तोंडात काहीतरी अडकलंय. मग वाटलं अडकित्ता, गोगलगाय त्या फटीत धरून फोडत असणार. मीही लहानपणापासून तसंच समजत आले. प्रत्यक्षात शंख बहुधा फुटतच नाही. खालच्या पात्याचं टोक शंखाच्या तोंडातून आत सरकवून तो आतला मांसल भाग सोडवून काढतो. फूटभर दूर फेकलेले शंख अख्खे सापडतात. दोन उचलून आणले, वाचनालयाच्या खिडकीत ठेवलेत.

पिलांच्या चोचीला ही फट नसते, वय वाढलं की पडते. म्हणजे माझा पाचवा प्रश्न लहान मुग्धबलाकाला विचारला तर उत्तर चुकीचं येईल. पत्त्याच्या मागे एक ओळ वाढवली: मोठ्यांची.

25 जानेवारी, शनिवार

खेळ पुन्हा. पाठीला पाठ, पाच प्रश्नांची पट्टी हातात. नोव्हेंबरमध्ये सुळा काढणारा मुलगा आज ऐकत होता आणि सांगणारी मुलगी म्हणत होती: "दुमडली तर मानेर. बुडाक बारीक. वाक ना. टोक सुयेचें. फट ना." त्याने काढली ती बगळ्याची चोच, कोणीही ओळखावी अशी. कामाच्या चौकटीत त्याने चिमटा काढला. भाला नाही. मी काहीच बोलले नव्हते.

घोटाळा फक्त कावळ्यांचा राहिला. गावकावळा आणि डोमकावळा, पाचही उत्तरं जवळजवळ सारखी. डोमकावळ्याची चोच जाड आणि वरच्या कडेला जास्त कमानदार, पण "जास्त" हा शब्द दोघं शेजारी बसलेले असतील तरच उपयोगी. इथे मान बघावी हे सोपं: गावकावळ्याची राखी. प्रत्येक पक्षी चोचीवरून ओळखता येतो असा आव आणायचा नाही, असं मुलांना सांगितलं. त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. मलाच वाटत होतं.

रंगाचा वादही आज मिटला. गायबगळ्याची पिवळी चोच विणीच्या दिवसांत तांबूस होते, मध्यम बगळ्याची पिवळी चोच काळी पडते. म्हणून रंग पत्त्याच्या पुढच्या बाजूला नाही, मागच्या बाजूला, महिन्यासकट.

2 फेब्रुवारी, रविवार

प्रकल्प संपला असं परवा समितीला सांगून बसले होते.

आज वाचनालयाच्या दाराखालून कोणीतरी पाच प्रश्नांची पट्टी सरकवून गेलं. अक्षर सहावीतल्या मुलाचं, तोच, लिपस्टिकवाला. काल तिन्हीसांजेला बाबांच्या स्कूटरवर मागे बसून येताना रस्त्यावर एक पक्षी बसलेला दिसला. दिव्याच्या उजेडात डोळे निखाऱ्यासारखे लाल, अंग सुक्या पाल्यासारखं. स्कूटर जवळ जाईपर्यंत उठला नाही. बाबांनी गाडी थांबवली तेव्हा त्याने तोंड उघडलं आणि उडाला.

रातवा. त्याची चोच असते, पण इवलीशी, पिसांत बुडालेली. तिच्या मागे तोंड मात्र डोळ्यांखालपर्यंत फाकतं, कडेने राठ केसांची कुंपणं, उडता उडता किडे गोळा करायला. हा माझ्या यादीत कधी आलाच नव्हता, कारण मी चोची शोधत होते.

भाच्याला फोन केला. सदतिसावा पत्ता करायचा म्हटल्यावर म्हणाला, "मावशे, पुढच्या बाजूला काढू काय?" दोन चित्रं काढ म्हटलं, एक मिटलेलं आणि एक उघडलेलं. पुठ्ठा उद्या आणते.

पट्टी त्याच पत्त्याच्या मागे चिकटवणार आहे, आहे तशी. लांबी: "दिसना." जाडी: "ना." वाक: "ना." टोक: "बारीक, बहुतेक." फट: "सगळीच फट."